नाशिकमध्ये हॅमॉक कॅम्पिंग: सामान, बांधणी आणि पहिली रात्र

साल्हेरच्या माथ्यावर हॅमॉक नेऊ नका. हरिहरवरही नको, धोडपवरही नको. आपल्या जिल्ह्यातले बहुतेक गड वरून बोडके आहेत. कातळ, गवत, पाण्याची टाकी आणि भन्नाट वारा एवढंच तिथं मिळतं. हॅमॉक म्हणजे झाडांना बांधून झोपायची कापडी झोळी. तिला दोन भक्कम झाडं लागतात आणि ती सापडतात खाली, पायथ्याच्या गावात. वाघांब्याच्या शिवारात, हट्टीच्या ओढ्याकाठी, एखाद्या आमराईत, ओळखीच्यांच्या मळ्यात. म्हणून नाशिककरांसाठी या प्रकाराचा सगळ्यात चांगला उपयोग असा: संध्याकाळी पायथ्याला पोहोचायचं, गावात विचारून झाडाला हॅमॉक बांधायचा, रात्रभर नीट झोपायचं आणि पहाटे पाचला ताज्या अंगाने गड चढायला लागायचं. शाळेच्या ओसरीवर दगडासारख्या फरशीवर कुशी बदलत काढलेल्या रात्रीनंतरचा चढ आणि हा चढ यात मोठा फरक आहे.

ही वस्तू आपल्याला परकी नाही. ऊसतोडीच्या फडावर, इमारतीच्या बांधकामावर, झाडाला लुगडं बांधून त्यात निजवलेलं तान्हं मूल आपण सगळ्यांनी पाहिलंय. ती झोळी आणि हा हॅमॉक यांचं तत्त्व एकच. हॅमॉक हा शब्द आला कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून. १४९२ मध्ये कोलंबस तिथं पोहोचला तेव्हा ते लोक विणलेल्या झोळ्यांमध्ये झोपत होते आणि पुढे युरोपातल्या खलाशांनी ती जहाजावर नेली. झोळी बांधणारी बाई ती कधी ताणून बांधत नाही. सैल सोडते, पोर आत खोल बसेल अशी. नवशिका ट्रेकर मात्र हॅमॉक हाती आला की आधी तो तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणतो, आणि पाठ धरली, झोप आली नाही असं म्हणत वर्षभर माळ्यावर टाकून देतो. हा लेख मुख्यतः त्या दोन चुकांसाठी आहे. एक ताणून बांधणं, आणि दुसरी पाठीखाली काही न घालणं. बाकीचं सगळं सवयीने येतं.

तंबूऐवजी हॅमॉक कधी

जमीन उताराची, दगडधोंड्यांची किंवा ओली असेल तेव्हा. विंचवाकाट्याची भीती वाटते तेव्हा. एकट्याचं सामान हलकं ठेवायचं असेल तेव्हा. ज्यांना पोटावर झोपायची सवय आहे त्यांना हॅमॉक जमत नाही, हे खरं आहे. मणक्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि दुपारी तासभर झोपून पाहा. लहान मुलांना हॅमॉकमध्ये एकटं सोडू नका, कारण दोऱ्या गळ्याशी येऊ शकतात.

काय काय लागतं

आधी हॅमॉक. दुकानात दोन जातीचे दिसतील. एकाला दोन्ही टोकांना आडव्या लाकडी दांड्या असतात आणि मध्ये जाळी असते. तो बंगल्याच्या बागेतला शोभेचा झुला, त्यात रात्र काढता येत नाही. तो उलटतो, आणि पाठीवर नेण्याइतका हलकाही नसतो. आपल्याला हवा तो नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या पातळ कापडाचा, दोन्ही टोकांना चुण्या घालून आवळलेला. यात लांबी सगळ्यात महत्त्वाची. बाजारात पुष्कळदा पावणेतीन मीटरच्या आसपासचे मिळतात. त्यात दुपारची डुलकी ठीक, पण साडेपाच फुटांच्या पुढच्या माणसाची रात्र अवघडून जाते. तीन मीटर तरी बघा, उंची जास्त असेल तर ३.३ मीटर. दोघांचा हॅमॉक म्हणून विकतात तो रुंद असतो. तो एकट्यासाठी घ्या, दोघांनी त्यात झोपू नका. दोघं मध्यभागी एकमेकांवर घरंगळत येतात आणि कोणालाच झोप लागत नाही.

जमलं तर दुहेरी कापडाचा घ्या. दोन थरांच्या मध्ये फोमची मॅट सरकवता येते, आणि ती रात्रभर जागेवर राहते. एकेरी कापडावर मॅट ठेवली तर मध्यरात्री ती एका बाजूला आणि आपण दुसऱ्या बाजूला अशी गत होते. शिवाय एकेरी पातळ कापडातून डास खालून चावतात. वरून जाळी लावून निवांत झोपलेल्या माणसाला हे सकाळी कळतं.

मग झाडाचे पट्टे. इथं पैसे वाचवू नका. हॅमॉकसोबत कधीकधी बारीक दोरी देतात, ती बाजूला काढून ठेवा. बारीक दोरी झाडाच्या सालीत रुतते. सालीच्या लगेच आत झाडाचं अन्न वाहून नेणारा थर असतो, तो चेपला की झाडाला जखम होते. किमान एक इंच रुंदीचा, शक्य असेल तर त्याहून रुंद पट्टा हवा. तो पॉलिएस्टरचा असावा. नायलॉनचा पट्टा वजनाने ताणतो आणि ओला झाला की अजून ताणतो, म्हणजे रात्री गुडघाभर उंचीवर झोपलेला माणूस पहाटे जमिनीला टेकलेला असतो. प्रत्येक बाजूला तीन मीटरचा पट्टा बहुतेक झाडांना पुरतो, जुन्या आंब्याला किंवा वडाला नाही पुरत. नवशिक्यांसाठी फासे शिवलेले पट्टे सोपे. कॅराबिनर, म्हणजे हॅमॉक पट्ट्याला जोडणारी उघडबंद होणारी धातूची कडी, ज्या फाशात अडकवाल तेवढी लांबी. कॅराबिनर किल्ल्यांच्या जुडग्याला लावतात तसे शोभेचे नकोत. अंगावर १२ किलोन्यूटन किंवा अधिक असा आकडा छापलेला हवा, म्हणजे साधारण बाराशे किलोंचा ताण.

डासांची जाळी, वरचा टार्प, म्हणजे छतासारखं बांधायचं जलरोधक कापड, आणि पाठीखालचं पांघरूण या तीन गोष्टी राहिल्या. जाळी हॅमॉकलाच शिवलेली असेल तर उत्तम. नसेल तर पूर्ण हॅमॉकला पिशवीसारखी घालायची वेगळी मिळते. टार्पसाठी पहिल्या एकदोन वेळा जुन्या नाशकातल्या बाजारातली साधी ताडपत्री चालेल. जड असते, पण दुचाकीच्या कॅरिअरवर जातेच. पाठीवर घेऊन चालायचं ठरलं की मग हलका टार्प घ्या. तीन बाय तीन मीटरचा चौकोनी टार्प तिरका, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बांधला तर वरची लांबी सव्वाचार मीटर मिळते आणि हॅमॉकची दोन्ही टोकं झाकली जातात.

वजनाचा अंदाज हवा असेल तर: हॅमॉक सहाशे ग्रॅम, पट्टे तीनशे, टार्प आठशे, जाळी तीनशे, फोमची मॅट तीनशे. म्हणजे सव्वादोन ते अडीच किलो. वर एक किलोच्या आसपासची स्लीपिंग बॅग. एवढ्यात घर झालं.

आधी वर बघा, मग झाडाला हात लावा

झाड निवडताना बहुतेक जण बुंधा बघतात. पहिल्यांदा मान वर करा. वाळकी फांदी लटकलेली आहे का, आग्या मोहोळ आहे का, वीजवाहक तार जाते का. यातलं एक जरी असलं तर पुढचं झाड. आग्या मोहोळाबद्दल पुन्हा सांगते: ते मोठ्या झाडांवर तसंच कड्यांवर असतं, आणि धूर, उग्र अत्तर, गोंगाट यांनी माशा उठतात. आपल्या गडांवर अशा हल्ल्यांत माणसं गेली आहेत. पोळं दिसलं तर कुजबुजतही थांबू नका, तिथून निघा.

मग बुंधा. जिवंत, मुळं घट्ट रोवलेली, आणि छातीच्या उंचीवर निदान मांडीएवढी जाडी, म्हणजे सहा ते आठ इंच व्यास. दोन्ही हातांनी जोर लावून ढकललं तर झाड हलता कामा नये.

आपल्याकडची झाडं सांगायची तर कडुनिंब माझं सगळ्यात आवडतं. मळ्यात, बांधावर, देवळाजवळ कुठेही असतो, लाकूड चिवट, आणि खाली काटे नाहीत. पेठ-सुरगाण्याकडे साग आणि ऐन, बुंधे सरळ आणि पट्टा नीट बसतो. आंबा भक्कम, पण पौष-माघात त्याला मोहोर आलेला असतो. तेव्हा आंब्याला हॅमॉक बांधून झुलायचं म्हणजे मालकाच्या वर्षाच्या पिकावर झुलायचं. बाभळीचं लाकूड दणकट, पण खालचे काटे टार्प आणि तळवा दोन्ही फोडतात. जांभळाच्या फांद्या कडकन मोडतात, बुंध्यालाच बांधा, फांदीला कधी नाही. शेवगा, पांगारा, सावर, पपई यांच्याकडे बघूही नका, लाकूड मऊ किंवा ठिसूळ. गुलमोहर, निलगिरी आणि सिल्व्हर ओक यांच्या फांद्या वाऱ्यात सहज तुटतात, म्हणून मी त्यांच्या सावलीतही झोपत नाही. चिंच लाकडाने उत्तम आहे. पण गावात कोणी चिंचेखाली रात्री झोपू देणार नाही, आणि पाहुण्याने त्यावर वाद घालू नये. देवराईतलं झाड तर वर्ज्यच. मोहाची झाडं आदिवासी पाड्यांवर घराघरांत वाटून घेतलेली असतात. फुलं वेचायच्या दिवसांत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये, त्यांच्याखाली बिऱ्हाड मांडू नका.

इथं नाशिकपुरती एक ताकीद. द्राक्षबागेच्या मांडवाला हॅमॉक बांधू नका. लोखंडी अँगल दिसायला भक्कम दिसतात, पण सगळा मांडव तारांच्या ताणावर उभा असतो, आणि आधीच घडांचं ओझं पेलत असतो. एका अँगलला बाजूने ऐंशी किलोंची ओढ दिली की अख्खी ओळ कलंडू शकते. शहरातल्यांनी गच्चीच्या कठड्याला, फाटकाच्या विटांच्या खांबाला किंवा पाण्याच्या टाकीच्या पायाला बांधू नये. विटांचा खांब आडव्या ओढीसाठी बांधलेला नसतो. तो पडतो आणि झोपलेल्या माणसाच्या अंगावरच पडतो.

दोन झाडांमध्ये अंतर साडेचार मीटरच्या आसपास हवं. सहा पावलं मोजा, साधारण बरोबर येतं. चार मीटरपेक्षा कमी असेल तर हॅमॉक दुमडतो, साडेपाचच्या पुढे गेलं तर पट्टे फार उंच बांधावे लागतात.

बांधणी

पट्टा झाडाला डोक्याच्या उंचीवर, म्हणजे साडेपाच ते सहा फुटांवर गुंडाळा. सपाट, पीळ न पडता. टोकाच्या फाशातून दुसरं टोक ओवून घ्या आणि ओढून बसवा. दुसऱ्या झाडालाही तसंच. आता हॅमॉक अडकवा आणि मधला भाग खाली पोट सुटल्यासारखा लोंबू द्या. दिसायला ढिसाळ दिसेल, आणि तेच बरोबर आहे.

पट्टा आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करून खाली यायला हवा. कोनमापक कोणी नेत नाही, म्हणून हात वापरा. अंगठा आणि तर्जनी काटकोनात उघडा, तर्जनी आडवी हॅमॉकच्या दिशेला धरा, अंगठा वर. अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची तिरकी रेषा आणि पट्टा एकमेकांना समांतर दिसले की तीस अंशांच्या जवळ आलात.

तीसच का, तर हा हिशेब बघा. माणसाचं वजन ८० किलो धरू. पट्टे तीस अंशांत असतील तर प्रत्येक पट्ट्यावर ओढ येते साधारण ८० किलोंचीच. पंधरा अंशांवर आणलं की ती १५५ किलो होते. दहा अंशांवर २३० किलो. आणि जवळजवळ आडवा, पाच अंशांवर ताणला की ४६० किलो. माणूस तोच, झाड तेच, आपण फक्त ताण दिला. त्या ओढीने शिवण उसवते, कॅराबिनर वाकतो, बारीक झाड मुळासकट झुकतं. आणि इतकं करून झोपायला मिळतं काय, तर कडा आत वळून खांदे आवळणारी केळीची साल. सैल बांधलेल्या झोळीत माणूस उलट सपाट झोपतो, हे एकदा स्वतः झोपून पाहिल्याशिवाय पटत नाही.

दर वेळी कोन मोजायचा नसेल तर हॅमॉकच्या दोन्ही टोकांमध्ये वरून एक न ताणणारी दोरी कायमची बांधून ठेवा. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के. तीन मीटरच्या हॅमॉकला अडीच मीटर, ३.३ मीटरच्या हॅमॉकला पावणेतीन. मग झाडं जवळ असोत की थोडी लांब, झोळीचा आकार दर वेळी सारखा येतो. या दोरीवर टॉर्च, चष्मा आणि टोपी लटकवता येते, त्यामुळे रात्री अंधारात चाचपडावं लागत नाही. आत झोपून ही दोरी दोन बोटांत धरून पिळून पाहा. थोडी वाकली तर बरोबर. गिटारच्या तारेसारखी कडक लागली तर पट्टे सैल करा.

उंची खुर्चीएवढी. तुम्ही बसल्यावर बूड जमिनीपासून दीड फुटावर. उंच बांधण्यात काही शौर्य नाही. जितक्या उंचीवरून पडून तुम्हाला लागणार नाही तितकीच उंची. खाली टोकदार दगड, छाटलेल्या झाडाचा खुंट, उसाचे धसकट असलं काही असेल तर जागा बदला. एकाखाली एक असे दोन-तीन हॅमॉक लावून काढलेले फोटो दिसतात. वरचा पट्टा सुटला तर खालच्याचं काय होईल, ते बघूनच ठरवा.

आत शिरणं आणि झोपणं

उडी मारून आत शिरू नका. आधी दोन्ही हातांनी मधला भाग खाली दाबा, मग हळूहळू वजन टाका, गाठी आणि पट्टे सरकतात का ते बघा. मग खुर्चीवर बसल्यासारखे मध्यभागी बसा, मागे टेका आणि पाय उचलून आत घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: सरळ रेषेत झोपू नका, तिरके झोपा. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला वीतभर, पाय दुसऱ्या बाजूला वीतभर. असं केलं की कापड पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते. गुडघे मागे ताणल्यासारखे वाटले तर त्यांच्याखाली घडी केलेलं जॅकेट ठेवा. आणि पायाकडचा पट्टा डोक्याकडच्यापेक्षा वीतभर उंच बांधा, नाहीतर रात्रभर पायाकडे घसरत राहाल. डोकं डावीकडे की उजवीकडे हे ज्याचं त्याने पाहावं. मला डावीकडेच झोप लागते.

पाठ

पहिली थंडीची रात्र मी काढली निफाड तालुक्यात, आत्याच्या मळ्यात. जानेवारी होता. नाशिक शहरात पारा दहाच्या खाली येतो तेव्हा निफाडला तो पाचाच्याही खाली जाऊ शकतो, हे वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. माझ्याकडे चांगली स्लीपिंग बॅग होती, म्हणून मी निर्धास्त होते. आंब्याला बांधायला गेले तर आत्या म्हणाली, "मोहोर आलाय गं, त्यांना नको हलवू." मग खळ्याकडेच्या दोन कडुनिंबांना बांधला, घरासमोर, दिव्याच्या उजेडात.

रात्री दोनला जाग आली. छातीवर ऊब आणि पाठ बर्फाची लादी. स्वेटर घातला, वरून शाल घेतली, बॅगेत अजून आत शिरले. काही उपयोग नाही. आत्या उठून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खाली काय घातलंस? वरून किती का पांघरशील, पाठ उघडीच आहे ना!" घरातून गोधडी आणून तिने हॅमॉकच्या आत माझ्याखाली घातली. दहा मिनिटांत मी झोपले.

ती जे म्हणाली त्यामागचं कारण असं. स्लीपिंग बॅग ऊब देते ती आतल्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे. आपल्या वजनाने पाठीखालचा भाग चेपला की ती हवा निघून जाते आणि उरतं नुसतं कापड. जमिनीवर झोपलं तर निदान खालून वारा तरी लागत नाही. हॅमॉकमध्ये तो पाठीला लागून वाहत राहतो आणि ऊब घेऊन जातो. म्हणून हॅमॉकमध्ये वीस अंश तापमानालाही पहाटे पाठ गार पडते.

उपाय दोन. सोपा आणि स्वस्त म्हणजे फोमची मॅट. दाबली तरी चेपत नाही अशी, बंद छिद्रांची. साधी ट्रेकिंग मॅट चालते, पण ती अरुंद असते आणि हॅमॉकमध्ये खांदे तिच्याबाहेर येतात. म्हणून खांद्यापाशी एक आडवा तुकडा वेगळा ठेवा. दुसरा उपाय म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून, खाली टांगलेली रजई. ट्रेकर तिला अंडरक्विल्ट म्हणतात. ती आपल्या अंगाखाली चेपली जात नाही, म्हणून तिच्यातली हवा टिकते. विकत घेतली तर महाग पडते. मळ्यावर किंवा गाडी जाते तिथं मी अजूनही गोधडीच वापरते. तिच्या दोन लांब कडांना लवचीक दोरी शिवली आहे, ती हॅमॉकच्या दोन्ही टोकांना बांधते. अट एवढीच की गोधडी हॅमॉकच्या कापडाला अलगद टेकलेली हवी. मध्ये फट राहिली की वारा शिरतो, फार आवळली की चेपते. आत झोपा आणि सोबतच्याला खालून हात फिरवून फट शोधायला सांगा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात नाशिक परिसरात पाठीखालच्या सोयीशिवाय हॅमॉकमध्ये रात्र काढायला जाऊ नका. वरचं पांघरूण कमी असलं तरी निभतं, खालचं नसलं तर निभत नाही.

टार्प, दव आणि पाऊस

हिवाळ्यात पाऊस नाही म्हणून टार्प घरी ठेवू नका. आपल्याकडे थंडीत पहाटे भरपूर दव पडतं, धरणाच्या आणि ओढ्याच्या काठी तर अधिकच. उघड्यावर स्लीपिंग बॅगचा वरचा थर ओलाचिंब होतो.

टार्पची दोरी हॅमॉकच्या पट्ट्यांच्या वर, स्वतंत्र बांधा. घरासारखा दोन्ही बाजूंनी उतार द्या आणि वाऱ्याकडची बाजू जमिनीजवळ आणा. कोपऱ्यांच्या दोऱ्यांना सरकती गाठ मारा, रात्री कापड सैल पडलं की लगेच आवळता येतं. पाऊस असेल तर पाणी पट्ट्यावरून ओघळत सरळ हॅमॉकमध्ये येतं. टार्पच्या आतल्या बाजूला पट्ट्याला सुतळीचा वीतभर तुकडा बांधून लोंबता सोडा. पाणी त्यावरून खाली ठिबकतं आणि तुम्ही कोरडे राहता.

पण नवशिक्यांनी पावसाळ्यात घाटाकडे हॅमॉक नेऊ नये असं मला मनापासून वाटतं. नाशिक शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, इगतपुरीत तीन हजारांच्या पुढे. जमीन भिजून मुळं सैल झालेली असतात. एप्रिल-मे मधला वळीव त्याहून वाईट, कारण तो विजा घेऊन येतो. हॅमॉक म्हणजे दोन झाडांमध्ये ओढलेली रेषा, आणि विजेच्या वेळी झाडाखाली असणं हाच मोठा धोका. गडगडाट ऐकू आला की सामान तिथंच सोडा आणि पक्क्या घरात किंवा गाडीत जा.

कुठे, आणि कोणाला विचारून

पहिली रात्र घरच्या किंवा ओळखीच्या मळ्यात. काही चुकलं तर दहा पावलांवर घर हवं. दुसरी एखाद्या अंगण असलेल्या होमस्टेमध्ये, त्र्यंबकच्या बाजूला, इगतपुरीकडे किंवा भंडारदऱ्याच्या काठच्या खासगी कॅम्पवर. तिथं बुकिंग करतानाच विचारा की झाडाला हॅमॉक बांधू द्याल का. तिसऱ्या वेळेपासून गडांचे पायथे: रामशेजसाठी आशेवाडी, हरिहरसाठी हर्षेवाडी किंवा निरगुडपाडा, धोडपसाठी हट्टी, साल्हेरसाठी वाघांबे किंवा साल्हेरवाडी.

वनविभागाच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करू नका. अभयारण्यात आणि संरक्षित गडांवर नियम वेगळे असतात, चौकीवर विचारा. खासगी जमिनीत मालकाला विचारा, आणि विचारताना पट्टा हातात घेऊन जा. "दादा, या रुंद पट्ट्याने बांधणार, झाडाला खिळा नाही, दोरी नाही, सकाळी सोडून नेणार." पट्टा दाखवला की बहुतेक वेळा होकार मिळतो.

बिबट्याबद्दल. निफाड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात उसाच्या आधाराने बिबटे राहतात, आणि माणसांवर हल्ले झालेले आहेत. जमिनीपासून दीड फुटांवर झोपलेलं माणूस सुरक्षित नसतं. उसाच्या, मक्याच्या फडाजवळ, ओढ्याच्या दाट झाडीत, वस्तीपासून दूर हॅमॉक बांधू नका. घरासमोरचं खळं, दिवा चालू, सोबत निदान दोन-तीन जण. गावकरी म्हणाले की सध्या वावर आहे, तर त्या रात्री घरात किंवा देवळात झोपा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६, रुग्णवाहिकेचा १०८. दोन्ही फोनमध्ये घालून ठेवा. साप चावला तर कापाकापी, आवळून बांधणं, मंत्रतंत्र यात वेळ न घालवता तडक सरकारी रुग्णालय गाठायचं.

बूट जमिनीवर उघडे ठेवू नका. पिशवीत घालून दोरीला टांगा, आणि सकाळी झटकून घाला. चूल हॅमॉकपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. नायलॉनला एक ठिणगी पुरते. फेब्रुवारीनंतर गवत वाळलेलं असतं तेव्हा शेकोटी नकोच, वणवा तिथूनच लागतो. शौचाला पाण्यापासून साठ मीटर दूर, वीतभर खड्डा, वर माती.

सकाळी

आवरताना उलट क्रमाने जा. आधी पांघरूण आणि मॅट टार्पच्या आडोशाला पिशवीत भरा, मग हॅमॉक, मग पट्टे, आणि टार्प शेवटी. टार्प दवाने ओला असतो, त्याला वेगळी पिशवी. पट्टा सोडल्यावर सालीवर हात फिरवून पाहा. वळ उठला असेल तर पुढच्या वेळी अजून रुंद पट्टा, किंवा पट्ट्याखाली गोणपाटाची घडी. घरी आल्यावर सगळं सावलीत वाळवा. उन्हात ठेवलेलं नायलॉन विरत जातं आणि ओलं गुंडाळलेलं कापड बुरसटतं. शिवणी आणि पट्ट्यांच्या कडा बोटाने चाचपा, एखादा धागा उसवलेला दिसला तर तो पट्टा पुन्हा माणसाच्या वजनाला वापरू नका. मग हॅमॉक पिशवीत कोंबा, घडी घालायची गरज नाही, आणि निघण्याआधी मालकाला सांगायचं राहिलं असेल तर फोन करून सांगा की झाड मोकळं केलंय.